ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड, खिरेश्वरकडून: पहिल्यांदाच सगळ्यांना घेऊन जातोय, काय काळजी घेऊ?

निगडीकर:

नमस्कार मंडळी. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी काढतोय आणि हरिश्चंद्रगडाचा बेत आहे. आम्ही आठ जण: मी, धाकटी बहीण, दोन मावसभाऊ आणि ऑफिसमधले चौघे. माझे राजगड, तोरणा, कळसूबाई झालेत, पण प्रत्येक वेळी पुढे कोणीतरी जाणकार होता. या वेळी सगळे माझ्या भरवशावर आहेत, आणि बहिणीचा तर हा पहिलाच ट्रेक.

बेत असा की पहाटे ५ ला दोन गाड्या काढायच्या, साडेआठपर्यंत खिरेश्वर, तोलार खिंडीतून वर, देऊळ, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा बघून संध्याकाळी खाली, रात्री घरी. वाटेची जीपीएक्स फाईल (नकाशावर आखलेली वाट) मोबाईलमध्ये उतरवून घेतली आहे. तरी वाटाड्या लागेल का? दोर घ्यावा का? शूज कोणते? सामानाची यादी कोणी दिली तर फार बरं होईल.

कातळवेडा:

या वाटेला दोर लागत नाही. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग आहे. वापरायची पद्धत माहीत नसेल तर दोर नुसतं ओझं.

शूज मात्र बघून घ्या. जिममधले गुळगुळीत तळाचे चालणार नाहीत. ॲक्शनचे ट्रेकिंगवाले स्वस्तातले शूज वर्षानुवर्षं सगळे वापरतात, तेही पुरे. नवे घेतले तर आधी आठवडाभर घालून फिरा, नाहीतर खिंडीपर्यंतच टाचा सोलवटतील. ओल्या कातळावर हिरवं किंवा काळं दिसलं की ते शेवाळ समजायचं आणि खडबडीत, करड्या जागी पाय टाकायचा.

जुन्नरची_सिस्टर:

निगडीकर, यादी देते, पण आधी तुमच्या वेळापत्रकाबद्दल बोलू द्या, माझा जीव तिथेच अडकलाय. मी जुन्नर तालुक्यात नर्स आहे आणि हा डोंगर माझ्या पायाखालचा आहे.

हिशोब मांडून बघा. ५ ला निघायचं म्हटलं तरी आठ जणांना गोळा करून नारायणगाव, आळेफाटा, खुबी फाटा करत यायचं, त्यात सुट्टीची माळशेजची गर्दी आणि चहा-नाश्ता. खिरेश्वरातून पाऊल उचलायला ९ वाजणार. नवख्यांना घेऊन तोलार खिंड पावणेदोन तास. वरचा कातळटप्पा ओला असला की एका वेळी एकच माणूस चढवायचा, त्यात पाऊण तास जातो. टप्पा संपला की सगळ्यांना वाटतं गड आला. प्रत्यक्षात तिथून पुढे लहान लहान टेकड्यांची चढ-उतार सुरू होते आणि देऊळ अजून दोन-अडीच तास लांब असतं. म्हणजे देवळाशी दुपारचे दोन. जेवण, गुहा, कोकणकडा उरकेपर्यंत चार. परत टप्प्याच्या तोंडाशी सहा, शेवटचा माणूस खिंडीत उतरेपर्यंत जवळजवळ सात. ऑगस्टच्या मध्याला आपल्याकडे सूर्य साधारण सातला मावळतो, पण ढग आणि झाडी असली की साडेसहालाच पायाखालचं दिसेनासं होतं. खिंडीपासून गावापर्यंतची दीड तासाची जंगलातली वाट तुम्ही दमलेल्या, भिजलेल्या नवख्यांना घेऊन अंधारात उतरणार. आणि हे सगळं काहीही न बिघडता. एकाचा पाय मुरगळला की काय होईल ते बघा.

म्हणून सांगते, उलट फिरायची वेळ घरी बसून ठरवा. वर गेल्यावर ठरवू म्हणाल तर तिथे 'आता आलोच आहोत', 'अर्ध्या तासावर आहे' असंच होतं आणि कोणी मागे फिरत नाही. १ वाजला की जिथे असू तिथून मागे, हे आठही जणांना आधी सांगून ठेवा. १ ला पठारावर असाल तर पठारावरून मागे. कोकणकडा राहिला तर राहिला.

एक वाजता देऊळ बघून झालेलं हवं असेल तर आदल्या रात्री खिरेश्वरात मुक्काम करा. जेवायची-झोपायची सोय गावात होते. सकाळी साडेसहाला चालायला लागलात तर साडेअकरापर्यंत देवळाशी, १ ला परत फिरलात की साडेपाचपर्यंत गावात. मुक्काम जमणार नसेल तर वाट बदला आणि अकोले तालुक्यातल्या पाचनईकडून जा. तिकडून दोन-अडीच तासांत देऊळ येतं, वाट सोपी आहे आणि पहिलाच ट्रेक असलेल्यांना तीच चांगली.

आता थंडी. पावसाळी ट्रेकमध्ये मला सगळ्यात जास्त भीती तिची वाटते आणि लोक तिचा विचारच करत नाहीत. गडाची उंची १,४२४ मीटर. ऑगस्टमध्ये पठारावर पारा वीसच्या आतबाहेर असतो. घरात बसून तो सुखाचा वाटतो, पण अंगावर ओली जीन्स आणि ओला सुती टी-शर्ट, वरून कोकणातून येणारा वारा आणि पोट रिकामं असलं की तीन-चार तासांत माणूस गार पडू शकतो. बर्फ लागत नाही.

मागे एका पावसाळ्यात पठारावर आम्हाला एक घोळका भेटला. त्यातला एक मुलगा दगडावर बसून होता. मित्र म्हणत होते, दमलाय, कंटाळलाय, उठतच नाही. मी त्याला अंगठा करंगळीला लावून दाखव म्हटलं. त्याला ते जमेना. बोटं अर्ध्यावर येऊन थांबत होती. सॅकची चेन उघडायलाही त्याला दुसरा माणूस लागत होता आणि बोलणं जड झालं होतं. हा कंटाळा नव्हता. आम्ही त्याला मोठ्या दगडाच्या आडोशाला नेलं, ओले कपडे काढून अंग पुसलं, कोरडं स्वेटर आणि कानटोपी घातली, वरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी डोक्यासाठी भोक पाडून अडकवली आणि दोघांच्या मध्ये बसवलं. खाली सॅक दिली, कारण ओला कातळ अंगातली ऊब ओढून घेतो. गिळता येतंय हे बघून थर्मासमधला गोड चहा घोट घोट दिला. बऱ्याच वेळाने तो थडथड कापायला लागला आणि माझ्या जिवात जीव आला. कापणं हे शरीर अजून झुंजतंय याचं लक्षण आहे. ऊब न मिळताच कापणं थांबलं आणि माणूस गप्प, सुस्त झाला तर तो गंभीर आहे, ताबडतोब मदत मागवा. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवू नका आणि दारू तर थेंबभरही नको. दारूने आतून गरम वाटतं आणि अंगातली उष्णता मात्र आणखी भराभर जाते.

तेव्हा प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, स्वेटर आणि टोपी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून सॅकच्या तळाशी. तो जोड चालताना घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. चालताना फुटबॉल जर्सीसारखे लवकर वाळणारे कपडे. जीन्स घालून आलेल्याला गाडीतच बदलायला लावा. दर तासाला प्रत्येकाने काहीतरी खायचं, भूक असो वा नसो. चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या, काहीही चालेल.

बाकी सामान: प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प, दिवसाचाच ट्रेक असला तरी. मोबाईलची टॉर्च धरायला एक हात जातो आणि बॅटरीही जाते. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. माणशी दोन-तीन लिटर पाणी, पावसात तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि मग पायात गोळे येतात. ओआरएस, एक पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत ओतायचं नाही. क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि ज्याची त्याची रोजची औषधं. पॉवर बँक कोरडी ठेवा, मोबाईल एअरप्लेन मोडवर. आणि पातळ प्लास्टिकची ताडपत्री एक, आठ जण खाली बसतील एवढी.

जीपीएक्स फाईल असू द्या, पण ओल्या बोटांनी आणि पावसाच्या थेंबांनी मोबाईलची काच धड चालत नाही हे तिथे गेल्यावर कळतं. वाटाड्या घ्याच. आठ जणांत पैसे वाटले तर हॉटेलातल्या एका जेवणाइतकेही होत नाहीत, आणि गावच्या माणसाच्या हाताला काम मिळतं.

खिरेश्वर_मुक्काम:

ताईंनी बरोबर सांगितलं. दादा, मी खिरेश्वरचाच. तोलार खिंडीत वाघाचं दगडी शिल्प आहे, तिथवर वाट मळलेली, कोणी चुकत नाही. चुकतात ते पठारावर. धुकं आलं की दहा हातांवरचं दिसत नाही आणि गुरांच्या वाटा चहूकडं फुटलेल्या असतात. माणसाच्या वाटेपेक्षा ढोरवाट कधी कधी जास्त मळलेली असते, पुण्या-मुंबईची पोरं तिलाच लागतात. ती गवतात जाऊन संपते, मग पोरं म्हणतात खाली उतरू, कुठंतरी निघू. तसं करायचं नाही.

गावात ज्या घरी चहा प्याल त्या घरी सांगून जा: आम्ही एवढे जण, अमक्या वेळेला खाली येणार, हा गाडीचा नंबर. आणि उतरल्यावर आलो म्हणून सांगायला विसरू नका. नाहीतर आम्ही बॅटऱ्या घेऊन वर आणि माणसं पुण्याला पोचलेली, असं होतं.

जुन्नरची_सिस्टर:

दादांनी लिहिलंय त्याला जोडून थोडं, कारण 'खाली उतरू, कुठंतरी निघू' यात माणसं जातात.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, म्हणून इथला उतार सलग नाही. एक पदर म्हणजे सपाट पट्टा, मग उभा कडा, परत पदर, परत कडा. वरून बघताना मधले कडे दिसत नाहीत, फक्त खालची हिरवी झाडी दिसते आणि वाटतं, हे काय, उतरलं की झालं. ओढ्याच्या कडेकडेने गेलं की गाव लागतं हे देशावरच्या सपाट शेतीत खरं असेल, इथे ओढा कड्यावरून धबधबा होऊन खाली पडतो. दोन टप्पे घसरत उतरलेला माणूस तिसऱ्या कड्याच्या तोंडाशी अडकतो, खाली जाता येत नाही आणि वरचा ओला टप्पा परत चढवत नाही.

वाट चुकल्यासारखी वाटली की थांबा. आठही जण एका जागी. शेवटची खात्रीची खूण कुठली होती ते आठवा: रंगवलेला बाण, दगडांची लगोरी, रेलिंग. ती पंधरा-वीस मिनिटांच्या आत असेल तर सगळे मिळून तिथपर्यंत मागे. दोघांना वाट शोधायला पाठवून बाकीचे बसले असं करू नका, मग दोन तुकड्या हरवतात. खूण सापडली नाही तर ताडपत्री काढा, कोरडे कपडे चढवा आणि धुकं उघडायची वाट बघा. पठारावर ते बऱ्याचदा थोडा वेळ उघडतं, तेवढ्यात दिशा कळते. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून कान द्यायचा, परत सहा. डोंगरात मदतीची हाक हीच.

फोन ११२ ला. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर ११२ लागू शकतो. घळीत रेंज नसते, धारेवर, उघड्यावर मिळते. बोलणं तुटत असेल तर मेसेज करा: किती जण, कुठे, कोणाला काय झालंय, अक्षांश-रेखांश. मेसेज क्षणभराच्या रेंजवरही निघून जातो. आपल्याकडे गिर्यारोहकांच्या बचाव तुकड्या आहेत, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे लोक स्वतःची कामं सोडून रात्री-अपरात्री डोंगर चढतात. त्यांना तुमची नेमकी जागा कळली तर त्यांचे कित्येक तास वाचतात. मदत मागितल्यावर जागा सोडू नका.

ओढ्यांचंही बघा. सकाळी घोट्याइतकं पाणी असलेला ओढा दुपारी कमरेला लागू शकतो, पाऊस तुमच्या डोक्यावर न पडता वरच पडला असला तरी. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की आहात त्या काठाला थांबा. गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचं नाही. डोंगरातले ओढे चढतात तसे पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही, कोरड्या कपड्यांत काठावर बसून राहणं परवडतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं गेली. प्रवाहाच्या मध्ये उभी होती आणि पाणी वाढलं.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघाल तेव्हा पुणे शहराचा बघू नका, घाटमाथ्याचा बघा. शहराला पिवळा इशारा असतो तेव्हा घाटाला नारिंगी किंवा लाल असू शकतो. अत्यंत मुसळधार म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर, त्यात डोंगरात कोणाचंच काम नाही. नारिंगी असला तरी नवख्यांना घेऊन जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांची बंदी आहे का तेही बघून घ्या.

रानवारा:

सिस्टर, सापाबद्दल सांगाल का? माझी बायको त्याच भीतीने पावसाळ्यात येत नाही.

जुन्नरची_सिस्टर:

रानवारा, वहिनींना सांगा, चालताना पाय जिथे टाकायचा ती जागा बघून टाकला आणि हात जिथे धरायचा ती जागा बघून धरला की धोका पुष्कळ कमी होतो. पावसात कारवीच्या आणि झुडपांच्या फांद्यांवर चापडा बसलेला असतो, पानाच्याच रंगाचा हिरवा, तिकोनी डोक्याचा, आणि बरोबर आपला हात जातो त्या उंचीला. चढताना झुडूप धरून अंग ओढून घ्यायची सवय असते, ती सोडायची. दगडाच्या कपारीत न बघता बोटं घालायची नाहीत.

चावलाच तर माणसाला बसवा, धीर द्या. अंगठ्या, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ते निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळी किंवा काठी लावून हलणार नाही असा बांधा. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. त्यात वेळही जातो आणि इजाही होते. चावल्याची वेळ कागदावर लिहा. शक्यतो चालवू नका, उचलून न्या, आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत आणायची काही गरज नाही. साप मारायला गेलेल्या दुसऱ्यालाही चावा बसलेला मी बघितलाय. प्रतिविष चापड्यावर चालत नाही, पण त्याच्या चाव्यालाही रुग्णालयातच न्यायचं, सूज आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवावं लागतं. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास नंतर आम्हाला कुठूनही परत मिळत नाही.

निगडीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ग्रुपवर हे सगळं वाचून दाखवलं. खिरेश्वर रद्द, पाचनईकडून जातोय. आदल्या दिवशी घाटमाथ्याचा अंदाज नारिंगी असेल तर गडच रद्द, हेही ठरलं. उलट फिरायची वेळ दुपारी १, सगळ्यांना मान्य आहे. दोघांनी जीन्सवरून वाद घातला, पण ऐकलं.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एका मावसभावाला दमा आहे, पंप वापरतो. त्याला न्यावं का? आणि चालताना मी पुढे असावं की मागे?

जुन्नरची_सिस्टर:

पाचनई ठरवलंत, फार बरं वाटलं.

दम्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गेल्या काही आठवड्यांत रात्री खोकल्याने उठावं लागलं असेल किंवा पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर या वेळी नको. डॉक्टर हो म्हणाले तर पंप त्याच्या खिशात, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, सॅकच्या तळाशी नाही. दुसरा तसाच पंप तुमच्याकडे, कारण पडतो, भिजतो, संपतो. किती मात्रा उरल्यात ते घरी बघा. गार वारा लागतो तिथे नाका-तोंडावरून सुती रुमाल बांधायचा आणि भिजला की बदलायचा. धाप लागून वाक्य पूर्ण बोलता येत नसेल तर चढ तिथेच थांबवायचा, पंप द्यायचा, बसवायचा, आडवं करायचं नाही. पंपाने उतार पडला तरी वर जायचं नाही, खाली यायचं. पडला नाही तर तिथूनच १०८ ला फोन.

तुम्ही मागे. पुढे वाटाड्या, त्याच्या मागे लगेच तुमची बहीण, म्हणजे सगळ्यांचा वेग तिच्या वेगाने राहील. तुमच्या मागे कोणी राहायचं नाही, लघवीला थांबलेलासुद्धा. प्रत्येक फाट्यावर थांबून आठ डोकी मोजायची, मगच पुढे. आणि बहिणीला आजच सांगून ठेवा की कुठेही भीती वाटली, थंडी वाजली, पाय दुखला तर लगेच बोलायचं. नवखी माणसं सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणून गप्प राहतात, आणि तुम्ही मोठे भाऊ आहात, तुम्हाला सांगायला ती आणखी संकोचेल.

गाडीत टॉवेल आणि पायांत घालायला कोरड्या चपला ठेवा. परतीला गाडी चालवणाऱ्या दोघांनी आधी अर्धा तास डोळे मिटून पडा, मगच निघा, ओतूरपर्यंतचा रस्ता पावसात वळणांचा आहे.

खिरेश्वर_मुक्काम:

दादा, पाचनईला वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून जा. वाटाड्या आत्ताच फोनवर ठरवा, १५ ऑगस्टला आयत्या वेळी गावात कोणी मोकळं नसतं.

निगडीकर:

आज संध्याकाळीच फोन करतो.